समुद्री बर्फाखालचा कार्बन: एका समजुतीचा इतिहास

१/ इ.स. १९०२. डेन्मार्कचे तरुण शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग ग्रीनलंडच्या डिस्को बेटावर पोहोचले. पुढे १९२० साली केशवाहिन्यांवरील संशोधनासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डिस्कोला मात्र ते झरे, ओढे आणि समुद्र यांच्या पाण्यातील कार्बन डायऑक्साइड मोजत होते. हवेतील या वायूचे प्रमाण राखण्यात महासागरांचा वाटा केवढा मोठा आहे, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले.

२/ गोठणाऱ्या समुद्राचा विचार मात्र या हिशेबात फारसा झाला नाही. समुद्र गोठला की हवा आणि पाणी यांच्यामध्ये झाकण बसते आणि देवाणघेवाण थांबते, अशी सरळ समजूत होती. ती दीर्घकाळ टिकली.

३/ वास्तविक समुद्री बर्फ काचेसारखा सलग नसतो. पाणी गोठताना मीठ बर्फाच्या स्फटिकात सामावत नाही. ते बारीक कप्प्यांत आणि नलिकांत अतिशय खारट द्रवाच्या रूपाने साठते. हा जड द्रव खाली झिरपतो आणि विरघळलेला कार्बनही सोबत नेतो. १९७६ मध्ये गोसिंक, पिअर्सन आणि केली यांनी ‘नेचर’मध्ये समुद्री बर्फातून वायू सरकतात, असे मांडले. त्या निबंधाकडे जितके लक्ष जायला हवे होते तितके गेले नाही.

४/ त्याहूनही जुना एक धागा होता. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराच्या हिम-संशोधन संस्थेत अँड्र्यू असूर समुद्री बर्फाच्या बळकटीचा अभ्यास करीत होते. बर्फ किती ताण सोसतो, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी कोणत्या तापमानाला कोणता क्षार घनरूप होतो, याची मांडणी त्यांनी १९५८ साली केली. तीत पहिलाच मान कॅल्शियम कार्बोनेटला होता: उणे २.२ अंश सेल्सिअस.

५/ हा आकडा महत्त्वाचा का? कॅल्शियमचा एक आयन आणि बायकार्बोनेटचे दोन आयन एकत्र आले की एक कार्बोनेट घनरूप होते आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मोकळा होतो. स्फटिक बर्फात अडकतो. मोकळा झालेला वायू खारट द्रवाबरोबर खोल पाण्यात जाऊ शकतो. उन्हाळ्यात बर्फ वितळतो, स्फटिक विरघळतो आणि उलट प्रक्रिया होऊन पृष्ठभागाचे पाणी कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. झाकण समजला गेलेला बर्फ असा पंपाचे काम करतो. २००७ मध्ये सोरेन रिस्गार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पंप’ हाच शब्द वापरला.

६/ पण स्फटिक कोणी पाहिला होता? इथे ग्रीनलंड पुन्हा येते. नैर्ऋत्य ग्रीनलंडच्या इक्का फ्योर्डच्या तळाशी या खनिजाचे उंच स्तंभ उभे आहेत. हान्स पाउली यांनी १९६३ मध्ये त्याचे वर्णन केले आणि स्थळावरून त्याला ‘इकाइट’ हे नाव मिळाले. कॅल्शियम कार्बोनेटच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे सहा रेणू असलेले हे खनिज थोडी ऊब लागताच मोडते. बर्फाचा नमुना नेहमीच्या रीतीने वितळवला की पुरावाही त्याबरोबर नाहीसा! जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे गेर्हार्ड डीकमान आणि सहकाऱ्यांनी तो थंड ठेवूनच शोधला. अंटार्क्टिकाच्या समुद्री बर्फात इकाइट असल्याचा त्यांचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. असूर यांच्या मांडणीला तोपर्यंत ५० वर्षे झाली होती.

७/ त्याच २००८ मध्ये पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, आर्क्टिकच्या कॅनडा खोऱ्यात, वेगळीच नोंद होत होती. आदल्याच वर्षी, २००७ च्या सप्टेंबरमध्ये, आर्क्टिकच्या बर्फाने तोवरचा नीचांक गाठला होता. मिचियो यामामोटो-कावाई आणि सहकाऱ्यांना पृष्ठभागाचे पाणी ॲरागोनाइटच्या दृष्टीने असंपृक्त आढळले. म्हणजे ॲरागोनाइटचा शंख त्यात विरघळू लागावा, अशी स्थिती. हवेतून आलेला कार्बन डायऑक्साइड हे एक कारण. दुसरे कारण वितळलेला बर्फ. अडकलेले इकाइट थोडी भरपाई करते खरे, परंतु बर्फाचे पाणी समुद्राच्या मानाने पातळच. त्यात कॅल्शियम कमी, आम्लता सोसण्याची ताकदही कमी.

८/ बर्फ हटल्यावर उघडा समुद्र भरपूर कार्बन शोषील, अशी एक आशा होती. वेइ-जुन काइ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘सायन्स’मधून तिला धक्का दिला: वितळलेल्या पाण्याचा उथळ थर लवकर भरून जातो आणि शोषण मंदावते. २०२२ मध्ये दि छी, काइ व इतरांनी १९९४ ते २०२० पर्यंतच्या नोंदी एकत्र मांडल्या. पश्चिम आर्क्टिकच्या पाण्याचा सामू इतर महासागरांच्या तुलनेत तीन ते चार पट वेगाने घसरत होता.

९/ या पाण्यात लिमासिना हेलिसिना नावाची इवलीशी गोगलगाय पायांचे पंख करून पोहते. मासे तिच्यावर जगतात. तिचा शंख ॲरागोनाइटचा असतो.