शाळेचा कारभार आणि गावकरी

वाचकहो, चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावात शाळेची इमारत कोठे आहे, हे लहान मूलही सांगेल. मुख्याध्यापकांचे नावही बहुतेकांना ठाऊक असते. परंतु शाळेच्या व्यवस्थापन समितीवर कोण कोण आहेत, असे विचारल्यास किती जणांना उत्तर देता येईल? ही समिती आपोआप मिळालेली नाही. गावकऱ्याला शाळेच्या बैठकीत खुर्ची मिळावयास शंभराहून अधिक वर्षे लागली. तो इतिहास थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, वुडचा खलिता आला आणि खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य झाले. तरीही शाळा कोठे काढावी, मास्तर कोण असावा, हे साहेबच ठरवीत असत. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. त्यानंतर वऱ्हाडासाठी १८८५ मध्ये ग्रामीण मंडळांचा कायदा झाला.

त्याच १८८२ साली हंटर आयोगाने शिक्षणाची चौकशी केली. महात्मा जोतीराव फुले यांनी आयोगापुढे निवेदन सादर केले व बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. मुसलमानांची मुले या शाळांपासून दूर राहतात आणि त्यांच्या भाषेतून शिकविणाऱ्या शाळा फारच थोड्या आहेत, याचीही त्यांनी नोंद केली, हे विशेष होय. आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणासाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांत या कार्यासाठी झटणाऱ्या संस्थांना मान्यता व उत्तेजन द्यावे, अशीही एक शिफारस होती.

अशा संस्था सरकारची वाट पाहत बसल्या नव्हत्या. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्येच अंजुमन-इ-इस्लामची स्थापना केली होती. पुढे १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून शाळेसाठी वेळ देणारी माणसे अशा संस्थांना लाभली, म्हणूनच त्या टिकल्या.

इकडे वऱ्हाडात कारभार हळूहळू गावाच्या जवळ येत गेला. मध्यप्रांतात १९२० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. १९४८ च्या कायद्याने तालुकावार जनपद सभा आल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. सत्ता नागपूरहून तालुक्यापर्यंत आली खरी. पण मुलाचा बाप शाळेच्या दारात अर्जदार म्हणूनच उभा राहिला. आईचा तर विचारही कोणी केला नाही.

हे चित्र पालटले ते २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या सभासद स्त्रिया असाव्यात. शाळेच्या कामावर देखरेख करणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाचा विनियोग पाहणे, ही समितीची कामे ठरली.

येथे एक गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या शाळांत ही समिती केवळ सल्लागार ठरली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निर्णय दिला. संविधानाच्या तिसाव्या कलमाने दिलेले स्वातंत्र्य मोलाचे आहे. पण त्यामुळे जबाबदारी वाढते. जिल्हा परिषदेच्या शाळेत, मग ती मराठी असो की उर्दू, पालकाला कायद्याचा आधार आहे. संस्थेच्या शाळेत मात्र पालकांना जवळ बसविणे हे संस्थाचालकांच्या दानतीवर अवलंबून राहते.

आणि कायद्याने खुर्ची दिली तरी तिच्यावर बसणार कोण? बैठक दिवसा ठेवली की मजुरी करणाऱ्या पालकाचा रोज बुडतो. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत आया शेतात असतात. मग इतिवृत्ताची वही घरी पाठवून सही किंवा अंगठा घेण्याची सोय काढली जाते. निम्म्या स्त्रिया कागदावर भरतात, आणि मुलगी आठवड्यातून चार दिवस शाळेत का येत नाही, हे मात्र कोणी विचारीत नाही.

म्हणून, वाचकहो, आपणांस एवढेच सांगणे आहे. आपले नाव समितीत असेल तर वाचल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, असे म्हणा. हजेरीपट पाहा, पोषण आहार चाखून पाहा, अनुदान किती आले व कशावर खर्च झाले, ते विचारा. बैठक संध्याकाळी ठेवा, असा आग्रह धरा. आपण संस्थेचे कारभारी असाल तर कायद्याची सक्ती नसतानाही पालकांना बोलवा. या कामाला पगार नाही, आणि हारतुरेही क्वचितच मिळतात. पण ज्या शाळेत विचारणारा पालक येतो, त्या शाळेत वर्ग वेळेवर भरतो.