ओवाटोनाची बँक : एका निबंधातून उभी राहिलेली इमारत

साहित्यकृतीचा रूपबंध आणि तिचे प्रयोजन यांचा संबंध शिकवताना आम्ही अध्यापक मंडळी एक सूत्र वारंवार वापरतो : रूप हे प्रयोजनाला अनुसरते. हे सूत्र मुळात साहित्यशास्त्रातले नव्हे. शिकागोचे वास्तुकार लुई सलिव्हन यांनी १८९६ साली, कचेऱ्यांच्या उंच इमारतींविषयी लिहिलेल्या एका निबंधात ते मांडले. ज्याने हे सूत्र दिले त्याच्याच एका इमारतीच्या वाट्याला पुढे काय आले, हे मात्र वर्गात सहसा सांगितले जात नाही. ती कथा एका लहान गावाच्या बाजारपेठेत घडली.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या दक्षिण भागातील ओवाटोना हे गाव. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची लोकसंख्या साडेपाच हजारांच्या आसपास होती. भोवती शेती, दूधदुभते आणि त्यांवर चालणारा व्यापार. तेथील नॅशनल फार्मर्स बँकेचा कारभार बेनेट कुटुंबाकडे होता. बँकेचे उपाध्यक्ष कार्ल बेनेट हार्वर्डमध्ये शिकलेले आणि संगीताचे वेड असलेले गृहस्थ. बँकेसाठी नवी इमारत हवी होती. परंतु त्या काळातील अमेरिकन बँका ज्या ग्रीक-रोमन देवळांच्या नकला करीत, तशी इमारत त्यांना नको होती. अशातच १९०६ साली 'द क्राफ्ट्समन' या नियतकालिकात वास्तुकला म्हणजे काय, या विषयावरील सलिव्हन यांचा निबंध त्यांच्या वाचनात आला. त्या निबंधाने त्यांना लेखकापर्यंत नेले आणि बँकेचे काम सलिव्हन यांच्याकडे गेले. निबंधाचा एक वाचक आणि त्यातून उभी राहिलेली एक इमारत, असे उदाहरण साहित्याच्या इतिहासातही विरळाच सापडेल.

सलिव्हन यांचे दिवस तेव्हा उतरणीला लागले होते. सेंट लुईमधील दहा मजली वेनराइट बिल्डिंगसारख्या इमारतींनी त्यांना कीर्ती मिळाली होती, पण ती डँकमार अॅडलर यांच्या भागीदारीत. १८९५ मध्ये भागीदारी तुटली आणि कामे आटत गेली. महानगरात गगनचुंबी इमारती रचणारा हा वास्तुकार आता गावच्या चौकात एक ठेंगणा चौकोनी ठोकळा रचणार होता.

१९०८ मध्ये ती वास्तू पूर्ण झाली. खाली वालुकाश्माचा पाया, वर लाल विटांच्या भिंती, रस्त्यांकडील दोन्ही बाजूंना एकेक प्रचंड अर्धवर्तुळाकार कमान आणि त्या कमानींत हिरवट छटांच्या रंगीत काचा. भोवती टेराकोटाच्या वेलबुट्टीची किनार. आत ऑस्कर ग्रॉस यांची मोठी भित्तिचित्रे : एकात चरणाऱ्या गाई, दुसऱ्यात पिकाची कापणी. पैसे ठेवायला आलेल्या शेतकऱ्याला भिंतीवर देवदेवता नव्हे, स्वतःचेच शिवार दिसावे! शेतकऱ्यांना बसण्याबोलण्यासाठी वेगळी खोली होती, स्त्रियांसाठीही वेगळी खोली होती. लगतच्या दुमजली भागात भाड्याने द्यायची दुकाने व कचेऱ्या होत्या.

कर्तृत्वाचा प्रश्न येथेही आहे. सुमारे वीस वर्षे सलिव्हन यांच्यापाशी काम केलेले जॉर्ज एल्म्स्ली यांचा या रचनेत, विशेषतः अलंकरणात, फार मोठा वाटा होता. काचा व रंगयोजनेत लुई मिलेट यांचा हात होता. तरीही पाटीवर नाव एकाचेच राहिले. संपादक, अनुवादक, लेखनिक यांच्या श्रमांचे साहित्यव्यवहारात जे होते, त्याहून हे वेगळे नाही. १९०९ मध्ये पैशांअभावी सलिव्हन यांना एल्म्स्ली यांना निरोप द्यावा लागला. त्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या वस्तूंचा लिलाव झाला. १९२४ मध्ये शिकागोत, हलाखीत, ते वारले.

इमारतीनेही आपले वचन पाळले नाही. बँकेची वास्तू मुळात एक आश्वासन असते : तुमचा पैसा येथे सुरक्षित आहे. ठेवींना विम्याचे राष्ट्रीय संरक्षण अमेरिकेत १९३३ नंतर आले. त्याआधी ठेवीदाराचा भरवसा माणसांवर आणि भिंतींवरच असे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० पासून, धान्याचे भाव कोसळले. चढ्या भावांच्या काळात जमिनींवर काढलेली कर्जे फिटेनात आणि ग्रामीण बँका एकामागून एक बंद पडू लागल्या. १९२६ मध्ये नॅशनल फार्मर्स बँकही बुडाली. तिच्याबरोबर बेनेट यांची संपत्तीही गेली. भित्तिचित्रातला शेतकरी सुबत्तेत कापणी करीत राहिला. त्याच्याखाली उभ्या असलेल्या माणसाचे काय झाले, हे त्या चित्रात मावणारे नव्हते. ही वास्तू शेतकऱ्याचा गौरव करीत होती हे खरे. पण सौंदर्याने केलेला गौरव म्हणजे संरक्षण नव्हे, हेही तितकेच खरे.

इमारत दुसऱ्या बँकेकडे गेली. १९४० मध्ये आधुनिक सोयींसाठी आतील भागाची मोडतोड झाली. रोखपालांच्या खिडक्यांच्या नक्षीदार जाळ्या आणि बराचसा अलंकार नाहीसा झाला. प्रयोजन बदलले, म्हणून रूप काढून टाकले. सूत्रकाराच्या इमारतीवर त्याच्याच सूत्राचा हा शब्दशः प्रयोग होता. सलिव्हन यांच्या दृष्टीने मात्र प्रयोजन म्हणजे केवळ व्यवहाराची सोय नव्हती; झाडाचे रूप जसे त्याच्या जीवनातून उमलते तसे इमारतीचे उमलावे, असा त्यांचा आग्रह होता. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वास्तुकार हार्वेल हॅमिल्टन हॅरिस यांच्या देखरेखीखाली वास्तूचे पुनरुज्जीवन झाले. १९७६ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला आणि १९८१ मध्ये ती टपाल तिकिटावर आली.

आम्ही ही इमारत केवळ छायाचित्रांतून पाहिली आहे. तरी तिच्या इतिहासाने आमचे अध्यापन थोडे अवघड केले आहे, हे मान्य केले पाहिजे. रूप प्रयोजनाला अनुसरते हे फळ्यावर लिहून आता पुढे जाता येत नाही. प्रयोजन कोणाचे, ते ठरवले कोणी आणि ते संपल्यावर रूपाने काय करायचे, हे प्रश्न त्या वाक्याखाली लिहावे लागतात. त्या काढून टाकलेल्या जाळ्यांची गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली, तर ते प्रश्न त्यांना आपणहून सुचतील, असे आम्हांस वाटते.