क्षय, मधुमेह आणि स्मरणशक्ती : सुरतेच्या संदर्भात
क्षय व मधुमेह यांचे नाते वैद्यकाला नवे नाही. मधुमेहींना क्षय जडतो, अशी नोंद हकीम इब्न सीना (९८०–१०३७) यांनी केल्याचे वैद्यकाचे इतिहासकार सांगतात. १९२२ मध्ये इन्सुलिन उपचारात येईपर्यंत मधुमेहींच्या मृत्यूचे क्षय हे एक प्रमुख कारण होते. पुढे दोन्ही रोगांवर स्वतंत्र औषधे आली आणि उपचारांच्या वाटाही वेगळ्या झाल्या. भारतात या दोहोंच्या संयुक्त तपासणीचा राष्ट्रीय आराखडा २०१७ मध्ये तयार झाला.

या ताटातुटीचा भार सुरतेसारख्या श्रमिकांच्या शहरावर पडतो. उधना-लिंबायत परिसरात खानदेशातून आलेली अनेक कुटुंबे राहतात. यंत्रमागावरील पाळी बहुधा बारा तासांची असते. क्षयाचा उपचार साधारणतः सहा महिने चालतो. त्यातील रिफॅम्पिसिन मधुमेहाच्या काही गोळ्यांचा प्रभाव घटवते. रक्तातील साखर फार वाढली वा एकदम उतरली, की लक्ष व स्मरण मंदावते. गोळी चुकलेला रुग्ण मात्र ‘बेफिकीर’ ठरतो. वस्तुतः ते विसरणे रोगाचेच लक्षण असू शकते. म्हणून अशा रुग्णाला दोष देण्यापूर्वी त्याची साखर तपासणे, हाच या इतिहासाचा बोध होय.