बालशिक्षण व खेळ : ब्लांकेनबुर्गपासून बोर्डीपर्यंत

मूल शाळेंत गेलें म्हणजे त्यानें हाताची घडी घालून बसावें, आणि घरीं परततांना निदान एक तरी नवें अक्षर बरोबर आणावें, अशी आमच्या लोकांची समजूत फार जुनी आहे. तीन वर्षांचें मूल बालवर्गांतून मातीनें माखलेले हात घेऊन आलें, तर "आज कांहींच शिकविलें नाहीं वाटतें," असें आईच म्हणते. आणि फी भरून मूल खेळावयास पाठवावें हें बापास पटत नाहीं. आमच्या धर्मग्रामांतील घरेंही यास अपवाद नाहींत. म्हणून खेळास शाळेंत स्थान मिळावें यासाठीं ज्यांनीं आयुष्यें वेंचिलीं, त्यांची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फ्रीड्रिख फ्रोबेल हा १७८२ सालीं जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांत एका लूथरपंथी पाळकाच्या घरीं जन्मला. तो तान्हा असतांच त्याची आई निवर्तली. आईच्या मांडीवर खेळण्याचें सुख ज्यास लाभलें नाहीं, त्यानेंच पुढें आई व मूल यांच्या खेळांचें शास्त्र बनविलें. १८३७ सालीं त्यानें ब्लांकेनबुर्ग गांवीं लहान मुलांसाठीं एक संस्था काढली, व १८४० सालीं तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हें नांव दिलें. मुलांच्या हातीं द्यावयाच्या वस्तूंस तो 'देणग्या' म्हणे. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी लांकडी गोल, घन व नळकांडें यांची. तिसरी म्हणजे आठ लहान घनांचा मिळून झालेला एक घन. या आठ तुकड्यांची मूल खुर्ची करतें, भिंत करतें, जिना करतें, आणि खेळ संपला कीं पुन्हा घन जुळवून पेटींत ठेवतें. अर्धा, पाव, अष्टमांश हीं नांवें कानीं पडण्यापूर्वींच तीं त्याच्या बोटांतून गेलेलीं असतात.

परंतु १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें या बागांवर बंदी घातली. तेथें नास्तिकपणा व समाजवाद शिकवितात असा वहीम होता; फ्रोबेलच्या पुतण्याचीं मतें चुलत्याच्या माथीं मारलीं गेलीं असें म्हणतात. चेंडू खेळणाऱ्या मुलांचें एवढ्या बलाढ्य राज्यास भय वाटावें हें नवलच! पुढच्याच वर्षीं फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० सालीं.

यानंतरची मोठी घटना रोम शहरांतील. ६ जानेवारी १९०७, तीन राजांचा सण, या दिवशीं सान लोरेंझो या मजुरांच्या वस्तींत डॉ. मारिया माँटेसोरी यांचें पहिलें 'बालगृह' उघडलें. आईबाप कामावर गेले म्हणजे मुलें जिन्यांत धुडगूस घालीत व भिंती खराब करीत. तें टळावें म्हणून घरें बांधणाऱ्या मंडळीनें एक खोली दिली. एवढ्या मोठ्या क्रांतीचा आरंभ भिंतींच्या काळजींतून झाला!

बाईंच्या साधनांपैकीं एकच घेऊं. एका लांकडी ठोकळ्यांत क्रमाक्रमानें मोठ्या होत जाणाऱ्या दहा खांचा, व त्यांत नेमके बसणारे दहा दट्टे. मूल दट्टे काढतें आणि पुन्हा बसवूं लागतें. एखादा बारीक दट्ट्या मोठ्या खांचेंत गेला, तर शेवटीं एक दट्ट्या हातांत राहतो व उरलेल्या खांचेंत कांहीं केल्या मावत नाहीं. कोणी रागावत नाहीं; ठोकळाच चूक दाखवितो. मूल सारे दट्टे काढून पुन्हा आरंभ करतें. चूक झाली असतां छडी न बसतां ती सुधारतां येते, हें आमच्यांतील किती जणांस शाळेंत कळलें?

'खेळ' हा शब्द मात्र बाईंस फारसा रुचत नसे; त्या 'काम' म्हणत, आणि लटक्या खेळांचें त्यांस कौतुक नव्हतें. येथें आमचा त्यांच्याशीं थोडा मतभेद आहे. भातुकलींत पांच पाहुण्यांस पांच पानें मांडणारी मुलगी लटका भात खऱ्या हिशेबानें वाढीत असते. असो. स्वतः कॅथलिक असलेल्या या बाईंच्या बार्सिलोना येथील प्रयोगांत मुलें गहूं व द्राक्षवेल लावीत, आणि त्यांच्या द्वारें त्यांस मिस्साची ओळख होई, हें आमच्या वाचकांस ऐकून समाधान वाटेल.

आमच्या देशांत हें बीज भावनगरास रुजलें. वकिली सोडून आलेल्या गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं तेथें बालमंदिर काढलें. १९२३ सालीं ताराबाई मोडक त्यांस येऊन मिळाल्या; १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला; पुढें ताराबाईंनीं मुंबईस दादर येथें शिशुविहार चालविला. १९३९ सालीं माँटेसोरीबाई स्वतः मद्रासेस आल्या, व महायुद्धामुळें त्यांचा मुक्काम कित्येक वर्षें लांबला.

पण ताराबाईंचें मन शहरांत रमेना. परदेशी धाटणीचीं महाग साधनें सुखवस्तु घरच्या मुलांपुरतींच राहत. खेड्यांतील मूल त्यांपासून दूरच. १९४५ सालीं त्यांनीं उत्तर कोंकणांत समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. बालपणींच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या, त्या जन्मभरासाठीं. येथें शिंपले, खडे, बिया, पानें, माती हींच साधनें झालीं. आणि कां होऊं नयेत? सागरगोटे खेळणारी मुलगी पांच गोट्यांतून प्रथम एकेक उचलते, मग दोन-दोन, मग तीन व एक, मग चारही एकदम. चाराची फोड ती पाटीला हात न लावतां शिकते.

तरीही अडचण राहिलीच. ज्यांच्यासाठीं हा खटाटोप, त्या दलित वस्तींतील मुलें बालवाडींत येत ना. तेव्हां बालवाडीच उठून त्यांच्या अंगणांत गेली. मुलांचीं तोंडें धुवावीं, केस विंचरावे, गाणीं म्हणावींत, खेळ मांडावेत. या अंगणांतल्या वर्गास 'अंगणवाडी' असें नांव पडलें. १९५७ सालीं हें कार्य कोसबादच्या टेकडीवर वारली लोकांत गेलें. तेथें मुलें गुरें राखावयास जात, म्हणून शाळाही कुरणांत जाऊं लागली, ती 'कुरणशाळा'. ताराबाई १९७३ सालीं निवर्तल्या. अनुताई १९९२ पर्यंत त्या टेकडीवर राहिल्या.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें ३३ ठिकाणीं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि अंगणवाडी हा शब्द बोर्डीच्या अंगणांतून साऱ्या देशांत गेला. मात्र २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा वर्षांखालील मुलास तो हक्क दिला नाहीं. आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणानें तीन वर्षांपासूनचें मूल व पहिली-दुसरीचें मूल एकाच पायरीवर आणिलें, तें केवळ धोरण म्हणून. कोसबादेस ही सांगड कित्येक वर्षें आधींच घातलेली होती. तेथील विकासवाडींत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र होतीं. धाकट्या भावास कडेवर घेऊन येणारी मुलगी त्यास पाळणाघरांत ठेवी, आणि आपण वर्गांत जाऊन बसे.