बैलापासून माणसापर्यंत

काष्टीच्या किंवा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातला कोणताही शेतकरी वळू आणि बैल यांतला भेद एका नजरेत सांगेल. खोंड खच्ची केला की त्याची मान, वशिंड, स्वभाव, सारेच बदलते. परंतु त्याच क्रियेने जनावराच्या पोटातली एक लहानशी ग्रंथीही आकसते, आणि म्हाताऱ्या माणसाच्या लघवीच्या दुखण्याचे मर्म त्या आकसण्यात आहे, हे जगाला उमगावयास दीडशे वर्षे लागली. तो इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य कामगारांत गेले. पण आमचे वडीलधारे सोबती ज्या दुखण्याविषयी चकार शब्द काढीत नाहीत, त्याची हकिकत आम्ही मिळेल तेथून वाचून काढली.

ही ग्रंथी म्हणजे प्रोस्टेट. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी ती मूत्रनलिकेला वेढून असते. खच्ची जनावरात ती लहान व चिवट होते, असे लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनी १७८६ साली लिहून ठेवले. पुढे १८९५ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम व्हाइट यांनी, लघवी अडलेल्या वृद्धांचे वृषण काढण्याच्या उपायाचा अनुभव प्रसिद्ध केला. पुष्कळांची ग्रंथी आकसली, पण कित्येक दगावले, आणि तो उपाय मागे पडला.

वृषणात असे असते तरी काय? १९३५ साली ॲमस्टरडॅमच्या एका प्रयोगशाळेत सुमारे शंभर किलो वळूंच्या वृषणांतून जेमतेम दहा मिलिग्रॅम द्रव्य हाती लागले. तेच टेस्टोस्टेरॉन. शरीर ते कोलेस्टेरॉलपासून बनविते, आणि अशा द्रव्यांच्या घराण्याला स्टेरॉइड म्हणतात. रक्तातून हिंडून ती दूरच्या अवयवाला हुकूम देतात, म्हणून त्यांना संप्रेरके हे नाव.

निर्णायक पाऊल पडले १९४१ साली. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले, कारण म्हातारपणी कुत्र्याचीही प्रोस्टेट वाढते. मग कर्करोग हाडांपर्यंत पसरलेल्या माणसांचे वृषण काढून किंवा त्यांना स्त्री-संप्रेरक देऊन पाहिले. कित्येकांच्या वेदना थोड्याच दिवसांत उतरल्या. कर्करोग शरीराचा कोणताच हुकूम मानीत नाही, हा समज त्या दिवसांत मोडला. १९६६ साली हगिन्स नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. योगायोग असा, की गिरणगावातल्या परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले तेही १९४१ सालीच.

मात्र विजय पुरा नव्हता. रोग बहुधा काही काळाने उलटे. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीही थोडे पुरुष-संप्रेरक पुरवितात, हे ध्यानी आले. दुसरा धडा १९७४ साली डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या खेडुतांनी दिला. तेथील काही कुटुंबांत टेस्टोस्टेरॉनला अधिक प्रखर रूप देणारे विकर जन्मतःच उणे होते, आणि त्या पुरुषांची प्रोस्टेट लहानच राही. तेच विकर रोखणारी गोळी १९९२ साली अमेरिकेत बाजारात आली.

या साऱ्याचे सार एवढेच, की संप्रेरक रोगाचे बी पेरीत नाही. पण त्याच्या खताखेरीज ही ग्रंथी वाढत नाही. म्हणजे हे दुखणे कोणाच्या वर्तनाची शिक्षा नव्हे. साधी वाढ कर्करोगात बदलत नाही, मात्र दोन्हींची लक्षणे सारखी दिसू शकतात, आणि निवाडा तपासणीनेच होतो. सभेतून दर अर्ध्या तासाला उठून जाणारा म्हातारा कामगार "वय झालं" म्हणून विषय संपवितो. हमाल पाठ दुखली की पोत्याला दोष देतो. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो, पण नेहमीच नाही. मजुरीचा हिशेब आपण मान वर करून मागावयास शिकलो, तशीच शरीराची तक्रारही लाज न बाळगता सांगावयास शिकले पाहिजे. बैलाला बोलता येत नाही, आपणांस येते.