सरावाचे काडतूस : मेरठ ते खडकी

१/ मोशीहून नाशिक रस्त्याने भोसरी, कासारवाडी मागे टाकली की थोड्याच वेळात खडकी येते. तेथील दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्याने घडवलेल्या जिवंत काडतुसांबद्दल पुष्कळ लिहिले जाते. हा धागा मात्र कधीच न उडणाऱ्या, केवळ सरावासाठी घडवलेल्या काडतुसाविषयी आहे.

२/ प्रथम तीन शब्द वेगळे करू. जिवंत काडतुसात गोळी, दारू आणि ठिणगी देणारी टोपी असते. ब्लँकमध्ये दारू व टोपी असते, गोळी नसते. त्याचा बार होतो. डमी किंवा ड्रिल काडतुसात दारू नसते आणि जिवंत टोपीही नसते. त्याला केवळ आकार असतो. या तिघांची गल्लत हाच पुढील कथेचा गाभा आहे.

३/ तोंडाकडून भरायच्या बंदुकीच्या काळात काडतूस म्हणजे दारू आणि गोळी गुंडाळलेली कागदी पुडी. ती दातांनी फाडून दारू नळीत ओतायची. एन्फिल्ड रायफलीला सरावासाठी ‘स्नॅप कॅप’ नावाची चामड्याची गादी असलेली टोपी साखळीने जोडलेली असे. कोरडा घोडा वारंवार पडून निपल खराब होऊ नये, एवढाच तिचा हेतू.

४/ जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळील दमदम येथे नव्या काडतुसाला गाय-डुकराची चरबी असल्याची वार्ता पसरली. सरकारने कवायत बदलली : काडतूस दातांऐवजी बोटांनी फाडावे. हा बदल शिपायांना समजावण्यासाठी २४ एप्रिल रोजी मेरठला कर्नल कारमायकेल-स्मिथ यांनी तिसऱ्या घोडदळाच्या ९० स्वारांची परेड बोलावली.

५/ येथे इतिहासाचा विलक्षण योगायोग आहे. त्या दिवशी वाटायला आणलेली काडतुसे नवी नव्हतीच. स्वारांनी पूर्वीही वापरलेली, जुन्याच घडणीची, सरावाची ब्लँक काडतुसे होती. तरीही ८५ जणांनी ती घेण्यास नकार दिला. ९ मे रोजी त्यांना सर्वांसमक्ष बेड्या ठोकल्या गेल्या आणि १० मे रोजी मेरठ पेटले.

६/ याचा अर्थ शिपाई भ्रमात होते, असा काढणे उथळपणाचे ठरेल. हातातील वस्तू निरुपद्रवी आहे, हे ती देणाऱ्याच्या शब्दावर मानायचे असते. आणि तो शब्दच विश्वासार्ह उरला नव्हता. सरावाच्या काडतुसाची खरी परीक्षा हीच : ते निर्जीव असून भागत नाही, निर्जीव असल्याची खात्री वापरणाऱ्याला स्वतः करून घेता आली पाहिजे.

७/ पुढे धातूच्या पुंगळीची काडतुसे आली, मागून भरायच्या व नंतर मॅगझीनच्या रायफली आल्या. ली-एन्फिल्डमध्ये दहा काडतुसे मावत आणि ती पाच-पाचच्या पट्टीने भरली जात. बोल्ट ओढणे, काडतूस आत सरकणे, पुंगळी बाहेर फेकली जाणे या क्रिया रिकाम्या हाताने शिकता येत नाहीत. त्यासाठी हुबेहूब आकाराचे निर्जीव काडतूस अपरिहार्य झाले.

८/ पण हुबेहूबपणातच धोका. म्हणून .३०३ च्या ड्रिल काडतुसाची गोळी लाकडी व तांबडी केली गेली, आणि पुंगळीवर उभ्या खोबणी पाडून त्याही तांबड्या रंगवल्या. रंग दिवसा डोळ्यांना दिसावा, खोबण अंधारात बोटांना लागावी. काही प्रकारांत पुंगळीला आरपार भोकेच असतात : आत दारू नाही, हे सांगावे लागू नये. याउलट खडकीच्या .३०३ काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे असत; ती घडवणाऱ्याचे नाव सांगतात, आत काय आहे याची हमी डोळ्यांना देत नाहीत.

९/ ही खूण विसरली की काय होते? १९९३ साली अमेरिकेत ‘द क्रो’च्या चित्रीकरणासाठी खऱ्या काडतुसांतील दारू काढून डमी बनवली गेली, टोपी मात्र जिवंत राहिली. तिच्या जोराने गोळी नळीत शिरून अडकली, पुढे ब्लँकच्या बाराने ती सुटली आणि अभिनेता ब्रँडन ली दगावला. २०२१ मध्ये ‘रस्ट’च्या सेटवर डमींमध्ये जिवंत काडतूस मिसळले आणि छायाचित्रणकार हलिना हचिन्स यांचा बळी गेला.

१०/ आपल्या पट्ट्यात लेथची वाण नाही, आणि पितळेचा तुकडा काडतुसाच्या मापाने कातणे कोणत्याही कुशल कारागिराला अवघड नाही. पण जिवंत काडतूस रिकामे करून डमी बनवणे ही वेगळी गोष्ट : ती धोक्याची आहेच, शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. डमी मुळापासून डमी म्हणूनच घडलेली असावी.

११/ दारूगोळ्याचा इतिहास आपण स्फोटांतून वाचतो. तांबड्या खोबणीचे हे काडतूस दुसरी बाजू दाखवते : नवशिक्याच्या हाती शस्त्र देताना, त्याला केवळ शब्दावर विसंबावे लागू नये म्हणून घेतलेली काळजी. मेरठच्या परेडवर नेमकी तीच नव्हती.

(धागा समाप्त)