दावणीचा बैल आणि आत्मकथन

देवणी हे नाव गावाचं आहे, पण महाराष्ट्राला ते जनावराचं म्हणूनच अधिक ठाऊक. तोंडाच्या बाजूंना काळा असलेला वानेरा, पांढरा बालंक्या आणि अंगभर काळे ठिपके असलेला शेवेरा, हे या गोवंशाचे तीन प्रकार. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना लग्नाचं साल सांगता येत नाही. मात्र त्या वर्षी दावणीला कोणती जोडी होती, हे नेमकं आठवतं. बैलांविषयी बोलता बोलता ते स्वतःविषयी सांगत असतात.

जनावराच्या आधारानं स्वतःला पाहणं जगात इतरत्रही आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा यांनी १९९७ साली एका व्याख्यानात, आपल्याला विवस्त्र पाहणाऱ्या घरच्या मांजरीचा प्रसंग सांगितला आणि त्यातून ‘मी कोण?’ हा प्रश्न उभा केला.

मराठी आत्मकथनांतलं जनावर पोटाशी बांधलेलं आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) कैकाडी कुटुंबाचा संसार गाढवांच्या पाठीवरून गावोगाव हिंडतो. आनंद यादव यांच्या ‘झोंबी’तला (१९८७) मुलगा शेत आणि ढोरं यांच्या कामातून शाळेकडे जाण्यासाठी झगडतो.

दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) मात्र मेलेलं जनावरही येतं. ढोर मेलं की ते ओढून न्यायचं काम गावानं महारांच्या माथी मारलेलं होतं, आणि भुकेपोटी ते मांस खावं लागे. मार्च १९२७च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे मांस सोडण्याचं आवाहन केलं. तो प्रश्न खाण्याचा नव्हता, माणूस म्हणून स्वतःकडे पाहण्याचा होता. पन्नास वर्षांनी लिहिल्या गेलेल्या आत्मकथनांनी तोच प्रश्न आपल्यापुढे ठेवला.

म्हणजे बैल एकच, पण त्याच्या कथा दोन. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावली, त्याची कथा घरोघर सांगितली गेली. तोच बैल मेल्यावर पुढे काय झालं, ती कथा लिहायला १९७० नंतरची पिढी यावी लागली.

मी शेतकऱ्याच्या घरचा. आमच्या वाड्यातल्या सगळ्या बैलांची नावं मला आजही पाठ आहेत. पण त्यांतला एखादा मेला, की पहाटे दोर घेऊन यायचे, त्या माणसांपैकी एकाचंही नाव मला सांगता येत नाही. ‘बलुतं’ वाचून खाली ठेवलं, तेव्हा हे पहिल्यांदा लक्षात आलं.